महाविद्यालयीन युवक : व्यायाम आणि वाणीसंयम



मी कापडाचा व्यापारी. दहा तागे उलगडायला लावून, तासभर घासाघीस करून गिऱ्हाईक काही न घेता उठते. तरी समोरासमोर अपशब्द क्वचितच निघतो. मात्र जळगाव-धुळ्याच्या महाविद्यालयांत शिकणारी आपलीच सुशील मुले मोबाइलवर एकमेकांची अशी निर्भर्त्सना करतात, की वाचवत नाही. असे का व्हावे? अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉन सुलर यांनी २००४ साली याची मीमांसा केली. पडद्याआडून बोलताना समोरच्याचा चेहरा दिसत नाही, स्वतःची ओळख झाकता येते, उत्तर तत्काळ ऐकावे लागत नाही. म्हणून संकोच गळून पडतो.

यावर ‘मुलांना व्यायामशाळेत पाठवा, रग जिरेल’ असा सल्ला दिला जातो. तो मला अर्धाच पटतो. व्यायामाने ताण हलका होतो, झोप शांत लागते, हे खरेच. परंतु आपल्याच धुळे जिल्ह्यातील, साक्री तालुक्यातील राईनपाडा आठवावे. मुले पळवणारी टोळी फिरत असल्याची अफवा मोबाइलवरून पसरली होती. १ जुलै २०१८ रोजी जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच निरपराध माणसांना ठार मारले. तो प्रसंग महाविद्यालयातील नव्हे, हे मान्य. पण त्या हातांत बळाची उणीव नव्हती. उणीव होती ती क्षणभर थांबण्याची.

म्हणून आरशासमोर एकट्याने दंड फुगवण्यापेक्षा (हल्ली त्याचीही छायाचित्रे लगेच मोबाइलवर झळकतात!) कुस्ती, कबड्डी, खो-खो मला अधिक मोलाचे वाटतात. कुस्तीत आधी हात मिळवावा लागतो. कबड्डीत बाद झालेला गडी पंचांचा निर्णय मानून रेषेबाहेर जातो, आणि संघाने प्रतिस्पर्धी गडी बाद केला की पुन्हा आत येतो. राग येतोच, पण तो नियमात राहून सोसावा लागतो, आणि समोरच्याला लागले तर ते डोळ्यांना दिसते. मन-वचन-कायेचा संयम आपण पाठशाळेत शिकवतो. बोटांनी टंकलेली शिवी वचनात धरावी की कायेत, हे पंडितजींनीच सांगावे!

विश्वस्तांना नम्र विनंती अशी, की वसतिगृहासाठी व्यायामाची यंत्रे दोन कमी घ्यावीत. मागील मोकळ्या जागेत कबड्डीचे मैदान आखावे, जाणता प्रशिक्षक नेमावा आणि सूर्यास्तापूर्वीच्या भोजनाआधी तासभर सर्वांचे मोबाइल कार्यालयात जमा असावेत. प्रशिक्षकाचे पहिल्या वर्षाचे मानधन मी देईन.