उभं काय ठेवता येईल?



जुनी इमारत हाती आली की आपण व्यवसायातले लोक पहिल्यांदा एफएसआय (चटईक्षेत्र निर्देशांक) किती मिळेल ते पाहतो. माझं म्हणणं असं, की यातलं उभं काय ठेवता येईल हे आधी पाहिलं पाहिजे. तेही प्रत्येकाच्या सदिच्छेवर न सोडता, नियमात आणि अर्जाच्या नमुन्यात आणून.

पुण्यातला जुना वाडा उतरवताना आधी कौलं निघत, मग वासे, कडीपाटाच्या फळ्या, तुळया, खांब. सागवान वखारीत जाई, घडीव दगड दुसऱ्या कुणाच्या जोत्यात बसे. विटासुद्धा अख्ख्या निघत, कारण त्या चुन्यात बांधलेल्या असत. चुन्याचा सांधा विटेपेक्षा मऊ; ठोकलं की वीट सुटी होते. सिमेंटच्या पक्क्या सांध्यात सांधा तसाच राहतो आणि वीट फुटते. आरसीसी फोडल्यावर तर भंगारात जाण्याजोगी सळई तेवढी हाती लागते, बाकी सगळा राडारोडा. जे जोडलं ते सोडवता आलं पाहिजे, ही चक्राकार अर्थव्यवस्थेची मुळातली अट आपण बांधतानाच गमावून बसलो. म्हणूनच आरसीसीच्या इमारतीचं मोल वाचवायचं, तर ती उभी ठेवण्याइतका मोठा उपाय दुसरा नाही.

त्यात सिमेंटचा हिशेब धरा. चुनखडी सुमारे १४५० अंश सेल्सिअसपर्यंत भाजावी लागते, आणि त्यात सुटणाऱ्या कार्बन डायऑक्साइडपैकी निम्म्याहून अधिक खुद्द चुनखडीतून येतो. भट्टीचं इंधन बदललं तरी तो सुटणारच. उभ्या सांगाड्यापुरता तो एकदा सुटून गेलेला आहे. २०१६ च्या केंद्रीय नियमांनी राडारोडा वेगवेगळा करणं बंधनकारक केलं, ते योग्यच झालं. पण चुरा करून पेव्हर ब्लॉक पाडणं ही शेवटची पायरी आहे, पहिली नव्हे.

मुंबईतलं कावसजी जहांगीर सभागृह १९११ चं. १९९६ पासून तिथं राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आहे. जुनी इमारत राखून नव्या कामी लावल्याची अशी उदाहरणं आपण अभिमानानं दाखवतो, दाखवावीतही. मला काळजी आहे ती चाळींची आणि चार मजली साध्या सोसायट्यांची.

मात्र चाळीतल्या एका खोलीत आयुष्य काढलेल्या, मजल्याच्या टोकाला संडास असलेल्या कुटुंबाला ‘इमारत जपा’ असं सांगण्याचा अधिकार आपल्याला नाही. त्यांना जागा हवी आहे आणि ती मिळालीच पाहिजे. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यानं भाडी गोठली, मालकांनी दुरुस्तीतून अंग काढलं, १९६९ च्या कायद्यानं दुरुस्ती मंडळ आलं. पुढे मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या नियम ३३(७) नं वाढीव एफएसआय पुनर्बांधणीला जोडला. हेरिटेज यादीतल्या इमारतीला टीडीआरची (हस्तांतरणीय विकास हक्काची) वाट तरी आहे. साध्या चाळीत जागा वाढवून हवी, तर पाडणं हाच व्यवहार होऊन बसला.

जागा आणि जुना सांगाडा यांचं वैर असतंच असं नाही. फ्रान्समधल्या बोर्दो शहरात, ग्राँ पार्क वसाहतीत, १९६० च्या दशकातल्या तीन इमारतींमध्ये ५३० घरं आहेत. लाकातों आणि व्हासाल या वास्तुविशारदांनी सहकाऱ्यांसह त्या इमारतींना बाहेरून स्वतंत्र आधारावरचे तयार सांगाडे लावले. प्रत्येक घराला काचबंद ओसरी आणि सज्जा मिळाला. काम चालू असताना रहिवासी आपापल्या घरातच राहत होते. या दोघांना २०२१ चा प्रित्झकर पुरस्कार मिळाला.

आपल्याकडे दोन चाळींच्या मधल्या बोळात क्रेन शिरणार नाही, हे मला ठाऊक आहे. खाऱ्या हवेनं सळई गंजून फुगलेली असेल, तर काही इमारती पाडाव्याच लागतील. माणसाच्या जिवापुढे कार्बनचा हिशेब मांडायचा नाही. पण स्ट्रक्चरल ऑडिटमध्ये इमारत सी-१, म्हणजे पाडण्याजोगी धोकादायक ठरली, की तिचा प्रत्येक खांब, पाया आणि दगड एकाच निकालात निघतो, हे मला मान्य नाही.

म्हणून पाडकामाच्या परवानगीच्या अर्जाला एक तक्ता जोडावा, असं मी सुचवतो: काय जागेवर राहील, काय अख्खं निघेल, काय फोडावंच लागेल, आणि प्रत्येकाचं कारण. जे सांगाडा राखून घर वाढवतील, त्यांनाही पाडणाऱ्यांइतकाच एफएसआय मिळावा, अशी मागणी आपण शासनाकडे करावी. तक्त्याचा मसुदा या सभेच्या दुपारच्या सत्रात आपल्यापुढे येईल. साइटवर पाडकाम करून घेणाऱ्या ठेकेदारांनाही त्या सत्राला बोलावलं आहे. अख्खं काय निघतं हे त्यांच्या हातांना आपल्यापेक्षा अधिक कळतं, तेव्हा त्यांचं म्हणणं आधी ऐकू आणि मग मसुद्यात दुरुस्त्या करू.