लाइट आल्यावरच डीपी का जळते?

आजचा विषय डीपी. पुस्तकात त्याला रोहित्र म्हणतात, पण आमच्याकडे खांबावरचा ट्रान्सफॉर्मर, खालची पेटी, सगळं मिळून डीपीच.

मी नसरापूरचा. गेल्या उन्हाळ्यात घरून काम करत होतो. रात्री साडेअकराला शेतीची लाइट आली आणि दोनच मिनिटांत मळ्याकडे धडाम आवाज झाला. बाहेर येऊन बघतो तर खांबावर जाळ आणि खाली पेटतं तेल ठिबकतंय. नवी डीपी येईपर्यंत आमचे टोमॅटो माना टाकून बसले. "डीपीच खराब होती," असं सगळे म्हणाले. मीही म्हणालो.

नंतर कागद घेऊन बसलो. १०० केव्हीएची डीपी ११ किंवा २२ हजार व्होल्टचे ४३३ व्होल्ट करते. ५ एचपीची मोटर साधारण ५ केव्हीए खाते. म्हणजे वीस मोटरी झाल्या की डीपी भरली. पण हे झालं चालू मोटरीचं. थेट स्टार्टरवरची मोटर सुरू होताना काही सेकंद पाच-सहा पट करंट ओढते. वीसच्या वीस एकदम सुरू झाल्या तर १०० च्या डीपीवर ५००-६०० चा झटका. आणि त्या एकदम सुरू होतातच, कारण प्रत्येक स्टार्टरला ऑटो स्विच आहे. आमच्याही होता. वडिलांना मीच बसवून दिला होता.

यावर 'शेतकरी आळशी' म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. लाइट रात्रीची असेल तर अंधारात, साप-बिबट्याच्या भीतीत बटण दाबायला कोण जाणार? महावितरण वर्षानुवर्षं सांगतंय, ऑटो स्विच काढा, कपॅसिटर लावा. कपॅसिटरचं पटतं, त्याने करंट खरंच कमी होतो. ऑटो स्विचचं मात्र सांगणाऱ्याला सोपं आहे.

एका झटक्याने डीपी सहसा मरत नाही. आत तांब्याच्या किंवा ॲल्युमिनियमच्या तारांवर कागद गुंडाळलेला असतो आणि सगळं तेलात बुडालेलं. तापमान ठरलेल्या मर्यादेवर ६ ते ८ अंश जरी सतत राहिलं, तरी त्या कागदाचं आयुष्य निम्मं होतं. प्रत्येक झटक्याला वेटोळी हिसका खातात, कागद झिजतो. त्यात तेल गळून किंवा चोरीला जाऊन कमी झालेलं. हवा आत घेणाऱ्या ब्रीदरमधली निळी सिलिका ओल शोषून गुलाबी झाली, तरी बदललेली नाही. आपल्या भोरच्या पावसात ती किती दिवस निळी राहणार?

मग एक दिवस आत ठिणगी पडते. खरं तर इथे फ्यूज वितळायला हवा. पण बऱ्याचदा फ्यूजच्या जागी जाड तारेचं वेटोळं असतं. ते वितळत नाही, करंट चालूच राहतो. त्या उष्णतेने तेलाचा हायड्रोजन, ॲसिटिलीन असा वायू होतो, टाकी फुगते, फाटते आणि उकळतं तेल बाहेर पडून पेटतं. सप्टेंबर २०२० मध्ये भोसरीच्या इंद्रायणीनगरात ट्रान्सफॉर्मरचा स्फोट होऊन तिघांचा जीव गेला, त्यात एक तान्हं बाळ होतं. त्यामुळे डीपी गुरगुरू लागली, तेल सांडू लागलं तर लांब व्हा आणि १९१२ ला फोन करा. पेटली तर पाणी मारू नका.

आता सॉफ्टवेअर. सर्व्हर पडून परत उठला की हजारो फोन एकाच क्षणी त्याच्यावर तुटून पडतात आणि तो पुन्हा आडवा होतो. आमच्याकडे यावर जुना उपाय आहे: प्रत्येक फोनने थोडा वेळ थांबायचं, पण प्रत्येकाचा वेळ वेगळा. ऑफिसात हे मी स्वतः लिहिलेलं आहे. आणि घरच्या मोटरीला लाइट आल्या आल्या सुरू होणारा स्विच लावताना एकदाही आठवलं नाही.

ऑटो स्विच आम्ही काढला नाही. त्याच्या जोडीला टायमर बसवला. आमची मोटर लाइट आल्यावर दोन मिनिटांनी, शेजारच्या काकांची तीन मिनिटांनी. आत्तापर्यंत सहा जणांनी बसवलाय. बाकीच्यांचं म्हणणं, "आम्ही थांबायचं आणि त्यांनी आधी पाणी ओढायचं होय?" विहीर सामाईक असेल तर तो प्रश्न खराच आहे. त्यावर वडिलांनी तोडगा काढलाय, दर महिन्याला नंबर फिरवायचे. या रविवारी त्याचीच बैठक आहे आमच्या ओट्यावर.