नऊ काउंट्यांचे एक महानगर

श्रोतेहो, दोन मराठी माणसे परमुलखात भेटली म्हणजे त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "आपण कोठले?" बहुधा एका शब्दात उत्तर मिळते, आणि त्या एका शब्दाबरोबर गाव, तालुका, जिल्हा सारेच ध्यानात येते. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागराभोवती राहणाऱ्या माणसाला मात्र ह्या प्रश्नापुढे थोडे घुटमळावे लागते. तो निजतो एका गावी, कामाला जातो दुसऱ्या गावी, आणि त्याचे आप्तेष्ट राहतात तिसऱ्याच गावी. अखेरीस तो सांगतो, "मी बे एरियातला." बे एरिया म्हणजे उपसागराचा परिसर. ह्या नावाचे शहर नाही, त्याला महापौर नाही, नगरसभा नाही. तरीही पाऊण कोटीहून अधिक माणसे त्यात वसतात. हे महानगर कोणकोणत्या माणसांचे बनले, आणि त्यांतील कोणाचा शब्द तेथे चालतो, एवढाच विचार आज करावयाचा आहे.

प्रथम त्याची घडण पाहू. काउंटी म्हणजे ढोबळ मानाने आपला जिल्हा. पण दोहोंत एक मोठा भेद आहे. आपल्या जिल्ह्याचा कलेक्टर सरकार नेमते. तेथील काउंटीचे कारभारी मंडळ लोक निवडतात, आणि शेरीफ नावाचा पोलीसप्रमुखही निवडूनच येतो. त्यामुळे काउंटीची सीमा ही नकाशावरील नुसती रेघ नव्हे; कर कोणी भरावा आणि मत कोणी द्यावे हे ती रेघ ठरविते. उपसागराच्या पाण्याला भिडणाऱ्या अशा काउंट्या नऊ : सॅन फ्रान्सिस्को, सॅन माटेओ, सांता क्लारा, अलामेडा, काँट्रा कॉस्टा, सोलानो, नापा, सोनोमा आणि मरिन. त्यांच्या पोटात नगरपालिका असलेली १०१ गावे आणि शहरे आहेत.

२०२० च्या शिरगणतीत ह्या नऊ काउंट्यांची लोकसंख्या ७७,६५,६४० भरली. जिच्या नावाने हा प्रदेश जगाला ठाऊक, त्या सॅन फ्रान्सिस्कोत त्यांपैकी ८,७३,९६५ माणसे होती. म्हणजे दर नऊ माणसांत जेमतेम एक. दक्षिणेकडील सांता क्लारा काउंटीत १९,३६,२५९, म्हणजे तिच्या दुपटीहून जास्त. द्राक्षमळ्यांच्या नापात मात्र अवघी १,३८,०१९. सांता क्लारातील सॅन होजे शहराने १९९० च्या शिरगणतीतच सॅन फ्रान्सिस्कोला मागे टाकले होते. नाव एकाचे आणि वस्ती दुसऱ्याकडे, असा हा प्रकार आहे.

आता ही माणसे आली कोठून? मूळची वस्ती ओलोनी, मिवोक आदी आदिवासी जमातींची. १७७६ साली स्पॅनिश धर्मप्रचारक आले, १८४८ साली कॅलिफोर्नियात सोने सापडले, आणि काही शेकडा वस्तीचे बंदर दोनएक वर्षांत हजारोंचे झाले. सोन्यामागून आणि रेल्वेच्या कामासाठी चिनी मजूर आले. लगेच १८८२ साली त्यांना बंदी करणारा कायदाही आला. हिंदी लोकांवर १९१७ साली तशीच पाळी आली. लोकसंख्येचे आकडे आपोआप वाढतात अथवा घटतात असे आपण समजतो. परंतु येथे त्यांच्यामागे प्रत्येक वेळी कोणीतरी घेतलेला निर्णय उभा दिसतो.

बंदीपूर्वीच्या त्या थोड्या वर्षांत आपल्याशी संबंध असलेली एक घटना तेथे घडली. १९१३ साली गदर पक्षाने आपले ठाणे सॅन फ्रान्सिस्कोत मांडले. त्यात पंजाबी शेतकरी आणि मजूर मुख्य होते; पण वर्ध्याचे पांडुरंग सदाशिव खानखोजे आणि पुढे १९१५ साली लाहोरास फासावर गेलेले विष्णू गणेश पिंगळे हेही त्याच चळवळीचे. मराठी माणसाचा ह्या उपसागराशी आलेला संबंध असा संगणकाच्या कितीतरी आधीचा आहे.

पुढे दुसरे महायुद्ध आले. १९४२ साली जपानी वंशाच्या रहिवाशांना घरादारांतून उचलून छावण्यांत नेण्यात आले. त्याच सुमारास काँट्रा कॉस्टातील रिचमंड येथे जहाजे बांधण्याचे कारखाने धडाक्याने सुरू झाले, आणि दक्षिणेकडील राज्यांतून कृष्णवर्णीय कामगार कुटुंबे मोठ्या संख्येने आली. त्यांना घरे कोठे मिळाली? बरीचशी सॅन फ्रान्सिस्कोच्या ज्या वस्तीतून जपानी कुटुंबे हलविली होती, तेथेच. कारण इतरत्र घराच्या खरेदीखतातच "गोऱ्यांखेरीज कोणास विकू नये" अशा अर्थाच्या अटी असत. न्यायालयांनी ह्या अटींची अंमलबजावणी करू नये असा निकाल १९४८ साली लागला. घरांच्या बाबतीतील भेदभावाला कायद्याने बंदी व्हावयास १९६८ साल उजाडले. तोवर ह्याच वस्तीचा मोठा भाग नगरसुधारणेच्या नावाखाली पाडलाही गेला होता. १९७० साली शहरात दर शंभरांत तेरा कृष्णवर्णीय होते. २०२० साली ते पाचाच्या आसपास उरले.

१९६५ साली प्रवेशाचे जुने राष्ट्रवार निर्बंध उठले, आणि आशियाची दारे उघडली. १९७५ नंतर व्हिएतनामी निर्वासित आले. आज सॅन होजेत त्यांची संख्या एक लाखावर आहे. जर्दाळू आणि आलुबुखाऱ्याच्या बागांसाठी प्रसिद्ध असलेल्या सांता क्लारा खोऱ्यात विद्युत्कणशास्त्राचे कारखाने उभे राहिले, आणि त्यांच्यामागून भारतीय अभियंते आले. अलामेडातील फ्रेमाँट हे शहरच पाहा. १९५६ साली पाच खेडी एकत्र करून ते बनविले. त्यांतील नाइल्स ह्या खेड्यात एके काळी चार्ली चॅप्लिनने मूकपट काढले होते. आज तेथे निम्म्याहून अधिक वस्ती आशियाई वंशाची आहे. त्यात भारतीय, चिनी आणि अफगाण शेजारी-शेजारी नांदतात. गणेशोत्सवाचे ढोल तेथेही ऐकू येतात. २०२४ साली बृहन्महाराष्ट्र मंडळाचे अधिवेशन सॅन होजेतच भरले होते.

साऱ्या प्रदेशाचा हिशेब केला तर २०२० साली गोरे सुमारे ३६ टक्के, आशियाई २८, स्पॅनिशभाषी परंपरेचे २४ आणि कृष्णवर्णीय सुमारे ६ टक्के होते. बहुसंख्य म्हणावा असा एकही समाज नाही. सारेच अल्पसंख्य असलेले असे महानगर जगात फारसे आढळत नाही, आणि ह्याचा तेथील लोकांना अभिमान आहे; तो रास्तही आहे.

परंतु श्रोतेहो, शिरगणतीचा एक नियम विसरू नये. ती माणसाला जेथे तो राहतो तेथे मोजते. जेथे राबतो तेथे नव्हे. मताचा हक्कही राहत्या ठिकाणीच. ज्या गावात दिवसाचे दहा तास जातात, त्या गावी ह्या माणसाला मत नाही. आणि तेथे घरे बांधावीत की नाहीत, हे तेच गाव ठरविते. १९७८ साली कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी मालमत्ता कराला घट्ट मर्यादा घातली. तेव्हापासून नव्या घरांपेक्षा दुकाने आणि कचेऱ्या नगरपालिकांना अधिक परवडू लागल्या. रोजगार सर्वांना हवेत, रोजगार करणाऱ्यांची घरे मात्र शेजारच्या गावी असावीत, असा व्यवहार रूढ झाला. परिणामी शिक्षक, परिचारिका, स्वयंपाकी आणि गवंडी दूर दूर सरकत गेले. आज पुष्कळजण नऊ काउंट्यांच्याही पलीकडे, आल्टामाँटची खिंड ओलांडून ट्रेसी आणि स्टॉकटनला राहतात, आणि काळोखात उठून कामावर येतात. त्यांच्यासाठी १९९८ पासून स्टॉकटन ते सॅन होजे अशी आगगाडी धावते. महानगर त्यांच्या श्रमावर चालते. त्याच्या शिरगणतीत मात्र ते नाहीत.

काउंटीची रेघ किती काळ आडवी येऊ शकते, ह्याचे उदाहरण बार्ट नावाच्या रेल्वेचे आहे. पाच काउंट्यांना जोडण्याचा तो बेत होता. खर्च जड होईल म्हणून सॅन माटेओच्या कारभाऱ्यांनी १९६१ साली अंग काढून घेतले. पुढच्याच वर्षी मरिनही बाहेर पडली. उरलेल्या तीन काउंट्यांच्या मतदारांनी १९६२ साली मान्यता दिली, आणि १९७२ साली गाडी सुरू झाली. सॅन फ्रान्सिस्कोच्या विमानतळापर्यंत ती २००३ साली पोहोचली, सॅन होजेच्या हद्दीत २०२० साली. मरिनमध्ये ती आजही जात नाही. एका बैठकीतला नकार दोन पिढ्यांनी पायपिटीत फेडला.

मग हे नऊ शेजारी कधीच एकत्र येत नाहीत काय? येतात. हवेच्या प्रदूषणासाठी १९५५ साली त्यांचे एक मंडळ झाले, कारण धुराला काउंटीची सीमा कळत नाही. उपसागरात भर घालून जमीन करण्याचा सपाटा चालला होता, तेव्हा १९६१ साली बर्कले येथील तीन स्त्रियांनी चळवळ उभारली, आणि १९६५ साली भर घालण्यावर नियंत्रण ठेवणारे मंडळ स्थापन झाले. पुढे २०१६ साली नऊही काउंट्यांच्या मतदारांनी प्रथमच एका प्रश्नावर एकत्र मत दिले. प्रत्येक मालमत्तेमागे वर्षाला बारा डॉलर कर देऊन उपसागराकाठची दलदल पुन्हा सजीव करावी काय, असा तो प्रश्न होता. दोन तृतीयांशांहून अधिक मते अनुकूल पडली.

पाण्यासाठी जे साधले ते निवाऱ्यासाठी का साधू नये, हा प्रश्न त्या महानगरापुढे आज उभा आहे. उपसागर सर्वांचा, हे त्यांना पटले. परंतु त्याच्या काठी राबणारा माणूसही सर्वांचाच, हे अजून पटावयाचे आहे. मुंबईभोवतीच्या जिल्ह्यांतून पहाटेची लोकल पकडून रोज दुसऱ्या जिल्ह्यात कामाला जाणाऱ्या श्रोत्यांना हा प्रश्न परका वाटू नये. माणूस कोठला, ह्याचे उत्तर केवळ तो कोठे निजतो एवढ्यावर अवलंबून नसावे. तो ज्या गावाला आपला दिवस देतो, त्या गावानेही त्याला "आमचा" म्हणावयास हवे.