आधी पान, मग प्रायश्चित्त

(सायखेडा येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



ज्या निफाड तालुक्यात आपण आज जमलो आहोत, त्याच निफाडात १८ जानेवारी १८४२ रोजी न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचा जन्म झाला. भारतीय अर्थविचाराचा पाया घालणाऱ्या या थोर पुरुषाला एका चहापायी प्रायश्चित्त घ्यावे लागले, हे आपणांपैकी अनेकांना ठाऊक असेल. ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये जमलेल्या मंडळींपुढे चहा-बिस्किटे आली. कोणी चहा घेतला, कोणी पेला तसाच खाली ठेवला. गोपाळराव जोशी यांनी ती नावे ‘पुणे वैभव’ पत्रात छापून आणली, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि पुण्यात ग्रामण्य माजले. मित्रांच्या कुटुंबांची कोंडी सुटावी म्हणून रानड्यांनी अखेर १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतले. रमाबाई रानडे यांना ते रुचले नव्हते. आपल्या आठवणींत त्यांनी तसे लिहिले आहे.

या प्रकरणातील क्रम पाहण्यासारखा आहे. आधी प्रायश्चित्त, मग पंक्तीत पान. चुकलेल्याने प्रथम शुद्ध व्हावे आणि त्यानंतरच आमच्या शेजारी बसावे, असा जातिव्यवस्थेचा दंडक होता. येशू ख्रिस्ताने हाच क्रम उलटा केला.

जक्कय हा यरीहोचा मुख्य जकातदार. परकीय रोमन सत्तेसाठी लोकांना नाडून गबर झालेला हा मनुष्य येशूला पाहण्यासाठी उंबरावर चढला. येशूने त्याला खाली बोलावले आणि त्याच्याच घरी उतरण्याचे ठरविले. लोक कुरकुरले, कारण पाप्याचे आतिथ्य स्वीकारणे त्यांना अधर्म वाटत होते. त्यानंतर जक्कयने अर्धी संपत्ती गोरगरिबांना देण्याचे आणि ज्यांना फसविले त्यांना चौपट परत करण्याचे कबूल केले. आतिथ्य आधी घडले. पण त्यातून भरपाई सुटली नाही, हे आपण समाजवाद्यांनी विशेष ध्यानात घ्यावे.

पेत्राची कथा याहून हृद्य आहे. येशूला धरून नेल्यावर, शेकोटीशी उभा असताना, या पट्टशिष्याने त्याला तीन वेळा नाकारले. पुनरुत्थानानंतर येशू त्याला भेटला तो सरोवराच्या काठी. तेथे निखाऱ्यांवर मासळी होती, भाकर होती. प्रथम सर्वांना खाऊ घातले. नंतर, जितक्या वेळा त्याने नाकारले होते तितक्या वेळा, तुझे माझ्यावर प्रेम आहे काय, असे विचारले आणि प्रत्येक वेळी आपली मेंढरे त्याच्या हवाली केली. क्षमा करून त्याला कोपऱ्यात बसविले नाही. त्याच्यावर जबाबदारी टाकली.

महाराष्ट्रात हे तत्त्व पंडिता रमाबाईंनी आचरणात आणले. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. तेथे फुलहॅम येथील सदनात, समाजाने ‘पतित’ ठरविलेल्या स्त्रियांना भगिनी किती ममतेने वागवितात, हे त्यांनी पाहिले. त्यामागचे कारण विचारता त्यांना शोमरोनी स्त्रीची कथा सांगण्यात आली. जिच्या हातचे पाणी यहुदी पिणार नाहीत, तिच्याजवळच येशूने पाणी मागितले होते. विटाळाचा अर्थ महाराष्ट्राला वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये रमाबाईंनी अशा स्त्रियांसाठी ‘कृपासदन’ उभारले. तेथे आसरा होता, अन्न होते, शिक्षण होते आणि कामही होते.

अर्थात ख्रिस्ती समाजानेही हा आदर्श सर्वत्र पाळला नाही. जातीप्रमाणे वेगळी आसने आणि वेगळ्या दफनभूमी आपल्याच देशातील चर्चमध्ये राहिल्या. तथापि तत्त्व खोटे ठरते असे नाही.

आता आपल्या घरात डोकावू. मार्च १९४८ मध्ये येथून जवळच, नाशिकच्या अधिवेशनात, समाजवादी पक्षाने काँग्रेसबाहेर पडण्याचा निर्णय घेतला. १९५४ मध्ये त्रावणकोर-कोचीनमधील प्रजासमाजवादी सरकारच्या पोलिसांनी गोळीबार केला, तेव्हा पक्षाचे सरचिटणीस डॉ. राममनोहर लोहिया यांनी स्वतःच्याच पक्षाच्या मंत्रिमंडळाचा राजीनामा मागितला. ती मागणी योग्यच होती. परंतु जबाबदारी निश्चित करीत असता एकत्र कसे बसावे, हे आपल्याला साधले नाही. १९५५ मध्ये पक्ष फुटला. १९६४ मध्ये गट जुळले आणि लवकरच पुन्हा दुभंगले. प्रत्येक फुटीत तत्त्वाचा प्रश्न होता, हे मी नाकारीत नाही. पण एकमेकांच्या घरचे जेवण थांबण्याइतके कोणते तत्त्व मोठे होते?

क्षमा म्हणजे सत्तेवरील माणसाला मोकळे सोडणे नव्हे. ज्याच्यावर अन्याय झाला, त्याच्या वतीने क्षमा करण्याचा अधिकार आपल्याला नाही, आणि चौपट परतफेडीची अटही सोडता येत नाही. मात्र शिक्षा भोगून नाशिकरोडच्या कारागृहातून गावी परतलेला तरुण, नवऱ्याने टाकल्यामुळे माहेरी आलेली मुलगी, दुसऱ्या पक्षात जाऊन हताश होऊन परतलेला कार्यकर्ता, यांना आपण काय देतो? पहिल्याला काम मिळत नाही, दुसरीला तर दोष नसताना बोल लागतो आणि तिसऱ्याला सभेत मागच्या ओळीत बसवितात.

तेव्हा माझे सांगणे एवढेच आहे की, शाखेच्या पुढच्या बैठकीस अशा एका तरी माणसाला बोलवा. त्याच्याबरोबर जेवा. हिशेबाचे जे बोलायचे ते जेवणानंतर, त्याच्या तोंडावर आणि स्पष्ट बोला. मग त्याला एखादे काम नेमून द्या.