तेलकट पाणी आणि मुळांची वस्ती

ओमानच्या दक्षिणेकडच्या वाळवंटात निम्र नावाचं तेलक्षेत्र आहे. तिथे एक पिंप तेल वर काढलं की सोबत दहाएक पिंपं पाणी येतं. हे पाणी मचूळ असतं आणि त्यात तेलाचा अंश असतो. पूर्वी ते मोठाले पंप लावून खोल जमिनीत परत दाबत, आणि त्यात ऊर्जा भरमसाट जाई. २०१०च्या सुमारास एका जर्मन कंपनीनं हे पाणी स्वच्छ करायला तिथे बोरूसारख्या पोकळ काडीच्या गवताचे शेकडो हेक्टर वाफे तयार केले. आता रोज एक लाख घनमीटरहून अधिक पाणी, बहुतेक उतारानंच, त्या वाफ्यांतून वाहतं. वाळवंटातल्या त्या हिरवळीवर स्थलांतर करणारे पक्षी उतरू लागले.

‘गवत तेल शोषून घेतं’ असं आपण वाचतो. पण मुख्य काम गवताचं नाही. तेल खातात ते जिवाणू. त्यांतल्या बऱ्याच जाती प्राणवायूच्या साहाय्यानं तेलाचे लांब रेणू तोडतात. शेवटी उरतो कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि जिवाणूंचीच वाढलेली प्रजा. अडचण अशी, की तळाच्या चिखलात प्राणवायू जवळजवळ नसतो. तो गवत पोचवतं. पोकळ काडीतून हवा खाली उतरते, मुळांपर्यंत जाते आणि थोडी बाहेर झिरपते. मुळाभोवतीच्या त्या पातळ थरात जिवाणूंची दाट वस्ती होते. आपल्या तळ्यांच्या काठचं पाणकणीस हेच करतं. पाकिस्तानात फैसलाबादच्या शास्त्रज्ञांनी तर अशी झाडं तरंगत्या चटयांवर लावली, मुळांशी निवडक जिवाणू सोडले आणि तेलक्षेत्राचं सांडपाणी स्वच्छ करून दाखवलं.

जिवाणूंना नुसतं तेल पुरत नाही. तेलात कार्बन मुबलक, पण नायट्रोजन आणि फॉस्फरस नगण्य. म्हणून १९८९ साली ‘एक्झॉन व्हाल्डेझ’ जहाजाचं तेल अलास्काच्या किनाऱ्याला लागलं, तेव्हा तिथल्याच जिवाणूंसाठी खडकांवर खत टाकलं गेलं. बाहेरून जिवाणू आणून ओतणाऱ्यांनी हे आवर्जून ध्यानात घ्यावं.

आता मर्यादा. तेलाचा जाड थर आला तर झाडच मरतं. ऑगस्ट २०१०मध्ये मुंबईजवळ ‘एमएससी चित्रा’ जहाजाची टक्कर झाली आणि तेल खारफुटीपर्यंत पोचलं. खारफुटीची श्वसनमुळं चिखलातून वर आलेली असतात. त्यांवर तेल बसलं की झाड गुदमरतं. म्हणून निम्रलासुद्धा बरंचसं तेल यंत्रानं आधी वेगळं काढतात आणि उरलेलं गवताकडे सोपवतात. मिठाचं मात्र गवत काही करू शकत नाही. पाणी वाफ्यांतून जाताना उन्हानं आटतं आणि अधिकच खारट होतं. शेवटी ते उघड्या तळ्यांत सुकवावं लागतं. शिवाय जागा लागते, आणि ओमानच्या वाळवंटात असलेली जागा मुंबईत मिळणार नाही.

तरी आपल्याकडे गाड्या धुण्याचे रॅम्प आहेत, गॅरेजं आहेत, बसची आगारं आहेत. तिथलं काळं पाणी अनेकदा सरळ गटारात जातं. ते पाणी थोडं आणि रोजचं असतं. आधी तेल वर तरंगू देणारी टाकी, मग पाणकणसाचा वाफा, आणि दर महिन्याला बाहेर पडणाऱ्या पाण्याची प्रयोगशाळेत तपासणी, एवढ्यावर सुरुवात करता येईल. माझी विनंती आहे, की आपल्या गावच्या नगरपालिकेनं एका आगारात हे करून पाहावं आणि तपासणीचे आकडे, चांगले असोत की वाईट, फाटकावरच्या फलकावर लिहावेत.