घरातील धूळ आणि वावड्याचे विकार

(विश्रांतवाडी, पुणे येथे शिक्षक, शासकीय कर्मचारी आणि परिसरातील पंचायत सदस्य यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा मजकूर.)



माउलींची पालखी आळंदीहून पुण्यास जाताना याच विश्रांतवाडीवरून जाते. पाऊस त्या वेळी उंबरठ्याशी आलेला असतो. त्याच सुमारास येथील कित्येक घरांतून एक निराळी वर्दी मिळू लागते. पहाटे उठताच ओळीने दहा-बारा शिंका, नाकातून पाणी, डोळ्यांना खाज आणि एखाद्या मुलाच्या छातीतून उमटणारी बारीक शीळ. वडीलधारी माणसे म्हणतात, हवा बदलली, सर्दी झाली. परंतु आठवड्यात बरी व्हावयाची ती सर्दी दिवाळी आली तरी बरी होत नाही.

याचा दोष आपण सहसा आळंदी रस्त्यावरील रहदारीस आणि भोवताली चाललेल्या बांधकामांस देतो. त्या धुळीने व धुराने नाक-घसा चुरचुरतो व दमा वाढतो, हे खरेच. पण मग रात्री खिडक्या लावून निजलेल्या माणसास पहाटेच शिंका का याव्यात? याचे उत्तर रस्त्यावर नसून आपल्या उशीत आहे.

घरातील धूळ म्हणजे केवळ माती नव्हे. कापसाचे तंतू, बुरशी, झुरळांचे अवशेष, पाळीव प्राण्यांचा कोंडा आणि आपल्याच त्वचेचे गळून पडलेले सूक्ष्म पापुद्रे यांचे ते मिश्रण असते. या पापुद्र्यांवर ‘माइट’ नावाचा आठ पायांचा, गोचिडीच्या जातकुळीतील जीव जगतो. त्याची लांबी मिलिमीटरच्या पाव भागाएवढी, म्हणून तो सहजी दिसत नाही. तो चावत नाही. वावडे येते ते मुख्यतः त्याच्या विष्ठेच्या कणांचे. धुळीतील अपायकारक घटक याच जीवापासून येत असावा, असे नेदरलँड्समधील लायडन येथील फोरहोर्स्ट, स्पीक्स्मा प्रभृती संशोधकांनी १९६४ साली मांडले व पुढे ते सर्वमान्य झाले. तत्पूर्वी, धुळीने दमा वाढतो एवढे जगास ठाऊक होते. आपल्या चरकसंहितेतही श्वासाच्या कारणांत धूळ व धूर यांची गणना आहे.

हा जीव पाणी पीत नाही, हवेतील ओलावा शोषून घेतो. उन्हाळ्यातील कोरड्या दुपारी पुण्याच्या हवेतील आर्द्रता तीस टक्क्यांच्याही खाली उतरते आणि तेथे त्याचा निभाव लागत नाही. पावसाळ्यात तीच आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या आसपास राहते. त्यात कापसाची गादी, अंगाची ऊब आणि बंद खोली मिळाली, की त्याची वाढ झपाट्याने होते.

‘अ‍ॅलर्जी’ हा शब्द व्हिएन्नाचे डॉक्टर पिर्के यांनी १९०६ मध्ये योजिला. आपण त्यास वावडे म्हणतो. निरुपद्रवी कणास शरीर शत्रू समजते आणि पुढील प्रत्येक भेटीत त्याच्याशी लढावयास उठते. त्या लढाईची खूण म्हणजे शिंका, सूज आणि आकुंचित श्वासनलिका.

आता उपायांकडे वळू. माइटचे कण जड असतात व लवकर खाली बसतात. गादी झटकली वा केर काढला, की ते उडतात. म्हणून कोरड्या झाडूपेक्षा ओले फडके बरे, आणि त्या वेळी रुग्णाने खोलीबाहेर असावे. चादरी व अभ्रे दर आठवड्यास साठ अंश सेल्सियस तापमानाच्या पाण्यात धुवावेत. गाद्यांना कडक ऊन देण्याची आजीची रीत शास्त्रशुद्ध आहे. मात्र उन्हाने जीव मेला तरी त्याची विष्ठा कापसात उरते. म्हणून ऊन दिल्यावर गादी अंगणात नीट झटकावी आणि घट्ट विणीची खोळ चढवावी. माळ्यावरील जुनी बोचकी व भिंतींवरील ओल यांचाही बंदोबस्त करावा. डासांची उदबत्ती आणि धूप यांचा धूर वावड्याचे मूळ नव्हे, पण दुखऱ्या श्वासनलिकेस तो आणखी डिवचतो.

शिक्षकांस एक विनंती. वर्गात सतत नाक पुसणारा, रात्री झोप न झाल्याने पेंगणारा मुलगा आळशी असेलच असे नाही. त्याच्या पालकांस डॉक्टरांकडे जाण्यास सांगावे. माझ्या स्वतःच्या मुलीच्या बाबतीत आम्ही दोन वर्षे ‘सर्दी’ म्हणून काढली. छातीत घेण्याच्या फवाऱ्याची सवय लागते, या ऐकीव भीतीने औषध लांबवले. वस्तुतः त्या फवाऱ्यातील औषध अत्यल्प मात्रेत थेट श्वासनलिकेत पोचते, त्याचे व्यसन लागत नाही. उपचार न झालेला दमा मात्र जिवावर बेततो. आज ती मैदानावर धावते. ती दोन वर्षे आम्हांस परत आणता येणार नाहीत.

पंचायत सदस्यांनी ग्रामसभेत हा विषय पावसाळ्यापूर्वी घ्यावा. त्यासाठी निधी लागत नाही, मंजुरी लागत नाही. वैशाखातील ऊन फुकट आहे. ते आपल्या गाद्यांना मिळेल एवढे पाहू या.