नेतृत्वाचे माप एकच असावे



१९३६ च्या विजयादशमीला वर्ध्यात वंदनीय लक्ष्मीबाई केळकर यांनी राष्ट्र सेविका समितीची स्थापना केली. सेविकांपुढे तीन आदर्श ठेवले गेले : जिजामातेचे मातृत्व, अहल्याबाईंचे कर्तृत्व आणि राणी लक्ष्मीबाईंचे नेतृत्व. या प्रतिमांना हार घालणे सोपे. त्यांची कार्यपद्धती अंगी बाणवणे अवघड.

अहल्याबाईंनी १७६७ ते १७९५ या काळात होळकरांचा कारभार सांभाळला. सैन्याची धुरा त्यांनी तुकोजीरावांकडे सोपविली. मुलकी कारभार आणि खजिना स्वतःच्या हाती ठेवला. कोणते काम कोणाकडे द्यावे आणि हिशेब कोणी मागावा, याची ही जाण. आज त्यालाच ‘टीम मॅनेजमेंट’ म्हणतात.

तरीही स्त्रीचे काम तोलताना समाजाचा काटा कलतो. पश्चिम बंगालच्या बीरभूम जिल्ह्यात झालेला एक अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. गावच्या प्रधानाचे एकच भाषण काही ग्रामस्थांना पुरुषाच्या, तर काहींना स्त्रीच्या आवाजात ऐकविण्यात आले. जेथे प्रधानपद स्त्रियांसाठी कधीच राखीव नव्हते, तेथील पुरुषांनी स्त्रीच्या आवाजाला कमी लेखले. जेथे आरक्षणामुळे स्त्रीने कारभार केला होता, तेथे ही तफावत उरली नाही. मात्र पुरुष नेताच बरा, ही आवड तेथेही टिकून होती. अनुभवाने पारख सुधारते. आवड बदलण्यास अधिक काळ लागतो.

हा धडा प्रत्येक कार्यालयाला, तसाच प्रत्येक संस्थेला लागू आहे. उत्सवात रांगोळी, औक्षण आणि स्वागत भगिनींकडे असते; निधी आणि कार्यक्रम ठरविणारी बैठक मात्र रात्री नऊला, त्यांच्यावाचून होते. पुढे तीच मंडळी म्हणतात, ‘भगिनींमधून नेतृत्व उभे राहत नाही.’ पोहायला न शिकविता बुडाल्याचा दोष देण्यासारखेच हे आहे.

उपाय साधा आहे. बैठकीची वेळ घरच्या जबाबदाऱ्या पाहून ठरावी. दायित्वाबरोबर निर्णयाचा आणि खर्चाचा अधिकार द्यावा. एखादी योजना फसली, तर पुरुष कार्यकर्त्याला मिळते तशी दुसरी संधी भगिनीलाही मिळावी. आणि हिशेब तितक्याच काटेकोरपणे मागावा, कारण सवलत हाही अविश्वासाचाच एक प्रकार आहे. असे झाले, तरच ते तीन आदर्श भिंतीवरून उतरून कार्यात येतील.